खरवस आणि खरें बोलणें

एका गोड पदार्थाविषयीं येथें लिहावें हें कित्येकांस विचित्र वाटेल. तथापि लहानशा गोष्टींतही मनुष्याच्या खरेपणाची परीक्षा होते, म्हणून घडलेलें सांगतों.

खरवस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. गाय किंवा म्हैस व्याली म्हणजे पहिल्या दोनतीन दिवसांत जें दाट, पिवळसर दूध निघतें त्यास चीक म्हणतात. त्यांत साधें दूध, गूळ व वेलदोडे घालून वाफेवर ठेविलें कीं विरजणावांचून तें थिजतें. कारण त्यांत प्रथिनें पुष्कळ असतात व तीं उष्णतेनें घट्ट होतात. मुलें त्याच्या वड्यांसाठीं भांडतात. मला मात्र तो कधींच आवडला नाहीं. बाळपणीं आईनें गूळ वाढवून दिला, तरुणपणीं एका मित्रानें जायफळ घालून दिला, पुढें मीं स्वतः निश्चय करून खाल्ला. परंतु त्या वासापुढें व त्या निसरड्या स्पर्शापुढें माझा निश्चय टिकला नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांत एका वृद्ध बाईच्या घरीं उतरलों असतां तिनें ताटलीभर खरवस पुढें ठेविला. तिची एकच म्हैस होती. मीं कसाबसा गिळला आणि म्हणालों, "आजी, फार उत्तम झाला आहे." तिचें मुख उजळलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों दुप्पट खरवस! दाराशीं तिचा लहान नातू ताटलीकडे टक लावून उभा होता. त्याचा वांटा मजकडे आला होता. माझ्या गोड असत्याची किंमत त्या मुलानें दिली.

तेव्हां मीं लाजून खरें सांगितलें. ती हंसून म्हणाली, "बाबा, मग कालच सांगायचं न्हवं! तुमास्नी दूध-भाकर दिली असती. घे रं पोरा."

प्रेमानें दिलेली वस्तु न आवडणें हा कृतघ्नपणा आहे काय? मला तसें वाटत नाहीं. जीभ आपल्या आज्ञेंत नसते. परंतु आभार मानणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. मीं खरवसाची स्तुति केली आणि आजीचे आभार मानावयाचे राहिलेच. कोणी म्हणेल, यजमानाचें मन दुखवूं नये. खरें आहे. एक घास आदरानें घ्यावा व दुसरा नम्रपणें नाकारावा. मन राखणें निराळें आणि फसविणें निराळें.

आजीनें मात्र वांट्याचा क्रम नीट जाणला होता. तिनें प्रथम रेडकास पाजलें होतें. नवजात वासराच्या रक्तांत रोगाशीं लढण्याची शक्ति जवळ जवळ नसते. ती चिकांतून मिळते, व पहिल्या दिवसानंतर त्याचीं आंतडीं ती शोषूं शकत नाहींत. कित्येक ठिकाणीं वार पडेपर्यंत चीक पाजीत नाहींत, ही मोठी चूक होय. २५ किलो वजनाच्या वासरास पहिल्या कांहीं तासांतच सुमारें अडीच लिटर चीक मिळावा. उरेल त्याचा खरवस करावा.

म्हणून प्रथम वासरूं, मग घरचीं मुलें, आणि शेवटीं पाहुणा. पाहुण्यानें खरें बोलावें, म्हणजे ज्याचा घास त्याच्या मुखीं जातो.