चौकट कापण्यापूर्वी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीतील फरशी बदलण्याचे काम निघाले. जुनी मोझॅक उखडायची तर धूळ फार आणि मजुरीही जास्त. म्हणून तिच्यावरच नवीन टाइल्स बसवायचे ठरले. असे केले की जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते आणि दारे अडकू लागतात. दाराचे सोपे असते. ते बिजागरीतून काढून बाहेर नेऊन कापता येते. अडचण येते ती चौकटीची. टाइल चौकटीखाली नीट सरकावी, फट दिसू नये, म्हणून चौकटीचे पाय जागच्या जागी, अगदी जमिनीलगत कापावे लागतात.

सुताराबरोबर आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसून ते काम करत होता. हातात लादी कापायचे कटर मशीन, त्याला लाकडाचे पाते लावलेले. पात्यावरचे झाकण जमिनीला टेकते म्हणून काढून ठेवलेले. पायात रबरी चपला, डोळ्यांवर काही नाही. आम्ही दारात उभे राहून हे सारे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “रविवारपर्यंत होईल ना रे?”

“होईल, फादर,” तो म्हणाला.

थोड्या वेळाने पाते कशात तरी, बहुधा जुन्या खिळ्यात, अडकले आणि मशीनने उसळी मारली. मुलाची पँट गुडघ्यापाशी वीतभर फाटली. कातडीला मात्र ओरखडाही नाही. सुतार त्याच्यावर ओरडला, आम्ही “देवाने वाचवले” म्हणालो आणि काम पुढे चालू झाले. रविवारी नव्या फरशीचे सर्वांनी कौतुक केले.

पण मनात एक प्रश्न घर करून राहिला. काहीच झाले नाही; मग आमचे काही चुकले का?

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली याच कोड्यावर निबंध लिहिले. त्यांनी त्याला ‘नैतिक दैव’ असे नाव दिले. समजा, दोन चालकांनी गाडीचे ब्रेक तपासण्यात सारखीच हयगय केली. एकाच्या गाडीसमोर मूल धावत आले, दुसऱ्याच्या आले नाही. पहिल्याला जग गुन्हेगार म्हणते. दुसरा घरी जाऊन निवांत जेवतो. दोघांची हयगय मात्र तीच. आम्ही त्या दिवशी दुसऱ्या चालकासारखे जेवलो. त्या मुलाचा पाय वाचला तो आमच्या चांगुलपणामुळे नव्हे. दैव चांगले निघाले म्हणून चूक बरोबर ठरत नाही.

यावर कोणी म्हणेल, “फादर, तो त्याचा धंदा आहे. त्यातले तुम्हाला काय कळते?” खरे आहे. लाकूड कसे कापावे हे त्याला आमच्यापेक्षा अधिक कळते. पण घाई कोणाची होती? ‘रविवार’ कोणी ठरवला? धोका त्याच्या गुडघ्याला होता आणि वाचलेला वेळ आमचा होता. धोका एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असतो, तेव्हा लाभ घेणाऱ्याने अधिक बारकाईने पाहायला हवे. शिवाय रोजंदारीवरचा पोरगा धर्मगुरूला “नाही होणार” असे सांगू शकतो का? त्याचा होकार हा पुरता होकार नव्हता.

मग नीट पाहायचे म्हणजे काय? जुन्या चौकटीत खिळे असतात, भिंतीत ती पकडून ठेवणारे लोखंडी होल्डफास्ट असतात. जुन्या घरांत चौकटीलगत विजेची वायर गेलेली असते. ती कुठून जाते हे घरमालकालाच ठाऊक असते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते; आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले आहे. आणि ते मशीन मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. झाकण काढल्यावर हात आणि पाते यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

या कामाला दुसरी वाटही आहे. नव्या टाइलचा तुकडा चौकटीला टेकवून ठेवायचा, खालच्या सिमेंटच्या थराइतकी जाडी त्याच्याखाली घ्यायची, वर पुठ्ठा ठेवायचा आणि त्यावर हातकरवत आडवी टेकवून कापायचे. माप आपोआप मिळते. वेळ तेवढा अधिक लागतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची आठ अंगे सांगितली आहेत. दूरदृष्टी, परिस्थितीचे भान आणि सावधगिरी ही त्यांतली शेवटची तीन. सावधगिरी म्हणजे भित्रेपणा नव्हे. धोका मुळीच नको म्हटले तर कोणाच्या डोक्यावर छप्पर येणार नाही. टाळता येतो तो धोका टाळणे आणि उरतो तो उघड्या डोळ्यांनी, रास्त कारणासाठी पत्करणे, एवढेच विवेक मागतो. रविवारचे कौतुक हे रास्त कारण नव्हते.

‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक साधी आज्ञा आहे: नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास रक्ताचा दोष घरावर येईल. लक्षात घ्या, दोष पडणाऱ्याचा मानलेला नाही. कठडा आधी बांधायचा आहे, कोणी पडल्यावर नव्हे. आपल्या घरातल्या लहानसहान कामांवर कोणी इन्स्पेक्टर येत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेही स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम कक्षेबाहेर ठेवले होते. तिथे पाहणारी असते ती आपली सद्सद्विवेकबुद्धीच.

पुढच्या महिन्यात आमच्या निवासातील दोन चौकटी कापायच्या होत्या. तोच मुलगा आला. आम्ही आधी मेन स्विच बंद केला, वायर कुठून जाते ते दाखवले, चष्मा आणि मास्क हातात दिला आणि म्हणालो, “करवतीने काप. घाई नाही.” त्याने आमच्याकडे जरा नवलाने पाहिले. काम एका दिवसाऐवजी दोन दिवस चालले. दुसऱ्या दिवसाची मजुरी आम्ही दिली. काहीच झाले नाही. पण या वेळी ते निव्वळ दैवावर सोडलेले नव्हते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सणापूर्वी अशी कामे निघतात. “कधी होईल?” हे आपण विचारतोच. त्याआधी “कसे करणार?” एवढे विचारू या.