लोण्याचा वास

क्राफ्ट बिअर बनविणाऱ्या एका परिचित तरुणाने परवा आमच्यापुढे आपल्या नव्या बिअरचा पेला ठेवला. पहिल्याच घोटाला जिभेवर लोण्याची चव उतरली. “कशी झाली, फादर?” त्याने विचारले. “उत्तम!” आम्ही म्हणालो, आणि अस्वस्थ मनाने घरी परतलो.

या दोषाचे कारण बहुधा घाई असते. बिअर आंबत असताना यीस्टमुळे डायअसिटिल नावाचे द्रव्य तयार होते. लोण्याचा वास त्याचाच. आंबणे संपत आल्यावर ती किंचित उबेत दोन-तीन दिवस अधिक राहू दिली, तर तेच यीस्ट ते द्रव्य पुन्हा शोषून घेते. दोष निर्माण करणाराच तो निस्तरतो. त्याला अवधी मात्र द्यावा लागतो.

मग आमचे ते ‘उत्तम’ ममतेचे होते की भित्रेपणाचे? कोणाचे मन मोडू नये, हे खरे. परंतु आमच्या मौनाने तो दोष इतरांच्या पेल्यांत जाणार होता. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन खरे ते सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “रोज तीच चाखतो, फादर. मला तो वास आता येतच नाही.”

हे उत्तर आमच्या जिव्हारी लागले. सवयीने जीभ दोष विसरते, तशीच सद्सद्विवेकबुद्धीही. म्हणूनच माणसाला दुसऱ्याची जीभ हवी असते.

प्रिय वाचकहो, गेली पंचवीस वर्षे आम्ही प्रवचने देत आहोत. मिस्सा संपल्यावर सारे म्हणतात, “छान झाले, फादर!” आता आम्हांस त्या ‘छान’ची थोडी धास्ती वाटते.