उतरवताना

अंजनगाव आणि सुर्जी या दोन वस्त्यांच्या मधून शहानूर वाहते. ती पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवापाशी तापीला आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला. आपल्या गावाच्या इतिहासात समुद्र येतो तो तहाच्या एका कलमातून. २९ नोव्हेंबर १८०३ ला मराठे इंग्रजांशी अडगावची लढाई हरले, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला इथे झालेल्या तहात दौलतराव शिंद्यांनी इतर मुलखाबरोबर भडोचही इंग्रजांच्या स्वाधीन केलं. बंदर सुटलं त्याची सही सातपुड्याच्या पायथ्याशी, समुद्रापासून इतक्या लांब झाली. अशा गावात बसून आज शिडाच्या होडीतल्या एका बोटभर तुकड्याविषयी लिहावंसं वाटतंय. गेले काही दिवस तो मनातून जात नाही.

लहान शिडाच्या होडीची डोलकाठी आता बहुधा अॅल्युमिनियमची असते. तिच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक खोबण असते, आतून रुंद आणि बाहेरच्या कडेला अरुंद. शिडाच्या पुढच्या काठावर ठरावीक अंतराने नायलॉनचे छोटे तुकडे शिवलेले असतात. त्यांना स्लाइड म्हणतात. स्लाइड खोबणीत गेली की वरखाली सरकते, पण मागे ओढली तरी बाहेर येत नाही. दोर ओढला की शीड चढतं, सोडला की उतरतं. पण या स्लाइड मुळात आत घालायच्या कुठून? त्यासाठी बूमच्या, म्हणजे शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याच्या, थोडं वर खोबणीच्या कडा कापून एक तोंड ठेवलेलं असतं. एकेक स्लाइड तिथून आत सरकवायची.

आत जायचं तोंड तेच बाहेर पडायचंही. शीड खाली येऊ लागलं की सगळ्यात खालची स्लाइड त्या तोंडाशी पोहोचते आणि निसटते. तिच्या मागून दुसरी, मग तिसरी. बंदरात हे घडलं तर फक्त पाच मिनिटांचं काम वाढतं. वारा वाढला म्हणून घाईने शीड उतरवताना घडलं, तर मोकळं झालेलं कापड वाऱ्यात फडफडतं, पाण्यात लोळतं, आणि एकट्या माणसाला डोलत्या छपरावर उभं राहून एका हाताने डोलकाठी धरत दुसऱ्या हाताने प्रत्येक स्लाइड, क्रम न चुकवता, पीळ न पडू देता, पुन्हा ओवावी लागते.

कोकणातल्या जुन्या मचव्या-गलबतांना ही अडचण नव्हती. त्यांचं शीड तिरक्या लांब परभाणाला बांधलेलं असे, आणि उतरवायचं म्हणजे अख्खं परभाण खाली घ्यायचं. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या बोटींच्या शिडाला लाकडी कड्या असत, डोलकाठीभोवती पुऱ्या फिरणाऱ्या. कडी निसटायचा प्रश्नच नाही. पुढे डोलकाठ्या उंच झाल्या, त्यांना मध्यावर ताण देणारे दोर आणि आडव्या भुजा बांधाव्या लागल्या, आणि कड्यांची वाट अडली. मग शिडाला धरायची जागा डोलकाठीच्या फक्त मागच्या बाजूला उरली. तिथे आधी पट्टी आली, मग खोबण. उंची मिळाली, वाऱ्याच्या अधिक जवळ तोंड करून जाता येऊ लागलं, आणि त्याबरोबर हे उघडं तोंडही पदरी आलं. मला हा सौदा योग्य वाटतो. काही चांगलं हवं असेल तर त्याच्यासोबत येणारी एखादी उघडी जागा राखायची जबाबदारी घ्यावीच लागते.

राखायचं कसं, हे सोपं वाटतं तितकं नाही. तोंडाच्या जरा वर खोबणीत अंगठ्याने पिळायचा एक स्क्रू बसवला, किंवा आरपार भोक पाडून पिन घातली, की स्लाइड तिथेच एकावर एक रचून राहतात. रोजच्या फेरफटक्याला हे पुरतं. पण वारा वाढल्यावर शीड पूर्ण न उतरवता लहान करायचं असतं, ज्याला रीफ करणं म्हणतात. तेव्हा शिडाचा एक वरचा डोळा खाली ओढून बूमपाशी अडकवावा लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी अडसराच्या वर रचलेल्या स्लाइडची चळत शिडाचा काठ वर धरून ठेवते, डोळा खाली पोहोचत नाही. बंदरात बरा वाटलेला अडसर वादळात आडवा येतो.

यावर दोन चांगले उपाय आहेत. एक म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्या स्क्रूने बसवायच्या, म्हणजे खोबण तिथेही अखंड होते आणि स्लाइड सरकत थेट बूमपर्यंत येतात. शीड धुवायला किंवा शिवायला काढायचं असेल त्या दिवशी पट्ट्या सोडायच्या. दुसरा उपाय असा की खालच्या काही स्लाइड शिडाला घट्ट न शिवता एका लांब दोरीत ओवायच्या. रीफ करताना दोरी ढिली होते, स्लाइड अडसराच्या वर थांबतात आणि कापड त्यांच्यापासून सुटून खाली येतं. शीड पुन्हा चढवलं की दोरी ताणली जाऊन सगळं जागेवर. मला स्वतःला पहिला उपाय अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात अंधारात आठवून करायचं काही उरत नाही.

या सगळ्यात मला थांबवलं ते एका साध्या निरीक्षणाने. शीड ताणलेलं असताना, वारा भरलेला असताना, खोबणीतली एकही स्लाइड तोंडातून निसटत नाही. त्या वेळी त्या सगळ्या तोंडाच्या वर, आपापल्या जागी असतात. निसटायची वेळ येते ती दोर सैल झाल्यावर, शीड खाली येताना. माणसाच्या नेमाचंही मला असंच दिसतं. परीक्षेच्या महिन्यात पहाटेचा अभ्यास मोडत नाही; मोडतो तो शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर. कापूस वेचणीच्या ऐन घाईत घरातली माणसं एकमेकांना धरून असतात, आणि माल विकून हातात पैसा आला की त्याच आठवड्यात भांडण उभं राहतं. आजारपणात पथ्य नीट पाळलं जातं, बरं वाटू लागल्यावर सुटतं. चढवताना सगळे लक्ष देतात, कारण चढवणं दिसतं, त्याला जोर लागतो. उतरवण्याला जोर लागत नाही म्हणून लक्षही लागत नाही, असं आपण धरून चालतो.

आपल्याकडचा पानमळा ज्याने राखला आहे त्याला हे सांगायला नको. पानवेल आधाराला मऊ गवताच्या पातीने बांधतात. पाती आवळली तर वेल कापते, फार ढिली राहिली तर ती घसरते. पण मळेवाल्याचा जीव टांगणीला लागतो तो उतरणीच्या वेळी, वाढलेली वेल आधारावरून सोडून, खालचा भाग मातीत वळवून पुरून, शेंडा पुन्हा नव्याने बांधायचा तेव्हा. वर्षभराची वाढ त्या दिवशी माणसाच्या हातात मोकळी असते. त्या दिवशी अनुभवी हातच लागतो, शिकाऊ गडी चालत नाही.

शिडाच्या स्लाइडही घट्ट धरलेल्या नसतात, हे इथे सांगायला हवं. खोबणीत त्या सैलच असाव्या लागतात, नाहीतर सरकणार नाहीत. त्या राहतात त्या खोबणीच्या आकारामुळे, पकडीमुळे नाही. आणि अडसर असा हवा की ओल्या, गारठलेल्या बोटांनीही तो आपल्या इच्छेने काढता यावा, पण हिसक्याने आपोआप सुटू नये. बंद असणं वेगळं आणि उघडता न येणं वेगळं. घरातल्या शिस्तीबद्दल विचार करताना मला हा फरक फार उपयोगी पडतो. मुलाला बाहेर जाता आलं पाहिजे. त्याने जायचं ठरवून जावं, कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून निसटून नव्हे.

आपल्या मराठी मुलखात शिडाच्या विद्येचा वारसा आहे, आणि तो फक्त किनाऱ्यावरच्या लोकांचा नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. जगात हे पहिल्यांदाच घडलं. त्यांची ३२ फुटांची सागवानी बोट, सुहेली, मुंबईत बांधलेली होती, इथल्या सुतारांनी हाताच्या अवजारांनी. सागवान म्हटलं की आपल्याला आधी मेळघाट आठवतो, म्हणून ही बोट मला उगाचच घरची वाटते. पुढे नौदलातले दिलीप दोंदे याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन त्यांच्या बोटीच्या तयारीत राबले, शिकले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटांची 'म्हादेई' तयार झाली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन अशी चार बंदरं घेऊन १९ मे २०१० ला परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

या मोहिमेमागचा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. १९७१ च्या युद्धात 'कामोर्टा' या युद्धनौकेचं नेतृत्व करणारे, वीरचक्र मिळवलेले आवटी १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहायला गेले. विंचुर्णीहून समुद्र दिसत नाही, अंजनगावहूनही दिसत नाही. निवृत्ती म्हणजे शीड उतरवण्याची वेळ, आणि अनेकांच्या आयुष्यातल्या स्लाइड तिथेच तोंडातून एकामागून एक पडतात: वाचन, माणसं, आवड, भविष्याबद्दलची उत्सुकता. आवटींच्या पडल्या नाहीत. भारतीय माणसाने एकट्याने जग फिरून यावं ही गोष्ट त्यांनी त्या खेड्यात बसून पाव शतक धरून ठेवली. दोंदे परत आलेले त्यांनी पाहिले. २०१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता फेरी करून आले, तेही पाहिलं. मे २०१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून फेरी पूर्ण करून आल्या, तीही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विंचुर्णीला त्यांचं निधन झालं.

शहानूरच्या काठच्या कुणा मुलाला किंवा मुलीला पुढेमागे नौदलात, नाहीतर मुंबईच्या एखाद्या क्लबात शिडाची होडी हाती आली, तर त्यांच्यासाठी थोडं कामाचं. शीड उतरवण्याआधी होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवा. वारा बाजूने असेल तर स्लाइड खोबणीच्या कडेला दाबल्या जाऊन अडकतात, आणि जोर लावला की तुटतात. खोबण धुऊन स्वच्छ ठेवा आणि कोरडा सिलिकॉनचा फवारा मारा. ग्रीस लावू नका, त्यावर धूळ आणि मीठ चिकटतं. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं, म्हणून पांढुरकी पडलेली स्लाइड तुटायची वाट न बघता बदला. सगळ्यात जास्त ताण वरच्या टोकाच्या आणि रीफच्या डोळ्याजवळच्या स्लाइडवर येतो, तिथली शिवण आधी तपासा. आणि त्याच मापाच्या चार जादा स्लाइड, मेण लावलेला दोरा, जाड सुई आणि तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा एका डब्यात घालून डोलकाठीच्या जवळच ठेवा.