शिट्टीचे माप एकच हवे

‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या नियमपत्रकात हमखास असते. त्याबद्दल तक्रार नाही. वाद कुठेतरी थांबलाच पाहिजे, नाहीतर खेळ पुढे सरकायचा नाही. पण सामना आटोपल्यावरही त्या निर्णयाकडे कुणी वळून पाहायचे नाही, हा अलिखित नियम आपण त्याला जोडला आहे. महाविद्यालयीन बास्केटबॉलचे खरे नुकसान या जोडनियमाने होते.

वर्धा जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. आर्वी किंवा हिंगणघाटच्या खेळाडूला विद्यापीठ संघात जायचे तर नागपूर, भंडारा, गोंदियाच्या मुलांशी झुंजावे लागते आणि पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा असते. प्रत्येक टप्प्यावर शिट्टी वेगळी वाजली, तर घरच्या मैदानावर अंगवळणी पडलेला बचाव बाहेर फाऊल ठरतो.

बास्केटबॉलमध्ये हा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण प्रत्येक धक्का म्हणजे फाऊल नव्हे. रिंगखालचा प्रसंग घ्या. बचावपटू आधीच जागा धरून समोर उभा आहे आणि आक्रमक त्याच्या छातीवर आदळला, तर चार्ज, म्हणजे आक्रमकाचा फाऊल. बचावपटू उशिरा आडवा सरकला, तर ब्लॉक, म्हणजे बचावपटूचा फाऊल. दोहोंत क्षणभराचे अंतर. रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ असते. हवेत झेपावलेल्या आक्रमकाविरुद्ध तिथे चार्ज सहसा देत नाहीत. ज्या मैदानावर ती रेषच रंगवलेली नाही, तिथे पंच अंदाजाखेरीज काय करणार?

म्हणून चूक होणारच, आणि ती खेळाडू पचवतात. पहिल्या मिनिटापासून कडक असलेला पंच चालतो, सैल सोडणाराही चालतो. पचत नाही ते हे, की पहिल्या क्वार्टरमध्ये सोडून दिलेला धक्का शेवटच्या दोन मिनिटांत पाचवा फाऊल ठरतो आणि मुलगी बाकावर जाऊन बसते.

यामागे दरवेळी लबाडी शोधायचे कारण नाही. ऑक्टोबर २०१७ पासून बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिबाने, धावता धावता चेंडू घेणाऱ्या खेळाडूला दोन पावलांआधी एक ‘शून्य पाऊल’ मान्य केले. ज्या पंचाची उजळणी झालेली नाही, तो आजही त्यावर ट्रॅव्हलिंग (जादा पावलांची चूक) देईल, तेही प्रामाणिकपणे. नियमाची दोन रूपे एकाच मैदानावर आली की काय होते, हे ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दिसले. भारत-इराण कबड्डीची अंतिम लढत २८-२८ अशी बरोबरीत असताना एका चढाईला जुना नियम लावायचा की नवा, यावरून जवळपास तासभर अडली. अखेर भारत ३३-२९ ने जिंकला, पण अशा गोंधळातून मिळालेल्या सुवर्णाची चव निर्भेळ राहत नाही.

दाद मागायला जागाच उरली नाही की संताप वाट शोधतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत पैलवान शिवराज राक्षे यांनी निर्णय न पटल्याने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचे समर्थन होऊच शकत नाही. पण शिक्षा खेळाडूला झाली म्हणून मूळ निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्न मिटत नाही.

चुका उघड केल्या तर पंचांचा धाक राहणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग एनबीए २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचे निर्णय तपासून, चुकांसह प्रसिद्ध करते. तिथे पंचांची शिट्टी बंद पडलेली नाही.

आपल्याला तेवढा पसारा नको. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पंच आणि कर्णधारांनी एकत्र बसून नियमांची उजळणी करावी. स्वतःच्या महाविद्यालयाच्या सामन्यात कुणी पंच नसावे. एका माणसाला दिवसभर सामन्यामागून सामने देऊ नयेत आणि मानधन वेळेवर द्यावे. मोबाईलवर चित्रण करून सामन्यानंतर पंचांनी स्वतःच ते पाहावे. निकाल बदलायचा नाही, पुढचा सामना सुधारायचा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ दिलेच आहे. त्या मंडळाने पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकात सामन्यांच्या तारखांआधी पंचांच्या उजळणीची तारीख छापावी.