गृहस्थाने किती कॅमेरे ठेवावेत?

'लाइफ' साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट 1946 साली पुण्यात गांधीजींचा फोटो काढायला आल्या, तेव्हा त्यांना अट घातली गेली : आधी सूत कातायला शिका, मग कॅमेरा काढा. सोबत अवजड कॅमेरा आणि फ्लॅशचे बल्ब होते. बल्ब मोजकेच वापरायची परवानगी होती, त्यातलेही काही वाया गेले. तरी चरखा पुढे आणि वाचत बसलेले गांधीजी मागे, असा जो फोटो मिळाला तो जगभर पोचला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत गांधीजींना भेटले, ते हातात मावेल एवढा लायका घेऊन. भेटीनंतर काही वेळातच गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरचा दिल्लीतला शोकही ब्रेसाँ यांनी त्या लहान कॅमेऱ्यानेच टिपला.

अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा अधिक न बाळगणं, हे गांधीजींच्या आश्रमव्रतांपैकी एक. त्या व्रतस्थ माणसाचे हे फोटो दोन टोकांच्या यंत्रांनी काढलेले आहेत. तेव्हा यंत्राच्या वजनावरून साधेपणा मोजता येणार नाही.

तरीही हौशी छायाचित्रकार हाच हिशेब मांडतात. उदाहरणार्थ, 2008 मध्ये आलेला निकॉनचा डी90. व्हिडिओ घेणारा हा पहिला डीएसएलआर. बॅटरीसह वजन 700 ग्रॅम, वर 18-105 ची लेन्स 420 ग्रॅम. गडावर जाताना तो बहुतेक वेळा घरीच राहतो. मग रिकोचा जीआर थ्री खुणावू लागतो : 257 ग्रॅम, शर्टच्या खिशात जाणारा आणि सेन्सर जवळपास डी90 एवढाच. दुसरीकडे मित्र सांगतात, बॉडी बदल, नवी लेन्स घे. 'मला कमी सामान हवंय' असं म्हणत माणूस दुकानात जातो आणि घरात एक वस्तू वाढते.

जैन आचार्य उमास्वातींनी 'तत्त्वार्थसूत्रा'त परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूकडे बोट दाखवलेलंच नाही. वस्तूवर जडलेल्या आसक्तीला त्यांनी परिग्रह म्हटलं. हा विचार इथे फार उपयोगी पडतो. कपाटात पडून असलेल्या डी90 बद्दलची ओढ आणि अजून हाती न आलेल्या जीआरबद्दलची ओढ, दोन्ही एकाच जातीच्या. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघत बसणाऱ्याने अजून एक रुपयाही खर्चलेला नसतो, पण त्याचा परिग्रह सुरू झालेला असतो.

जैन परंपरेने मुनींना सर्वत्याग सांगितला. गृहस्थाला मात्र वेगळी वाट दिली, परिग्रह-परिमाणाची. आपल्याला किती पुरे, हे त्याने स्वतः आधी ठरवायचं आणि त्या मर्यादेत राहायचं. 'आधी' हे फार महत्त्वाचं. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून ठरवलेली मर्यादा टिकत नाही.

ही मर्यादा प्रत्येकाच्या कामाप्रमाणे वेगळी असणार. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून रोहित पक्षी टिपणाऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स लागतेच. तिथे झूम नसलेला 28 मिमीचा कॉम्पॅक्ट निरुपयोगी. त्याचं ओझं हा त्याच्या कामाचा भाग आहे. याउलट, वारीत दिंडीबरोबर चालणाऱ्याने मोठी लेन्स रोखली की समोरचा माणूस सावरून बसतो, पदर नीट होतो आणि जे दिसलं होतं ते निसटतं. तिथे लहान कॅमेरा समोरच्याला अवघडल्यासारखं करत नाही. आपल्या यंत्राने दुसऱ्याला किती त्रास होतो, हा प्रश्न मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे आणि खरेदीच्या चर्चेत तो जवळजवळ कधीच येत नाही.

व्यवहाराचंही बघावं. डी90 च्या 12.3 मेगापिक्सेलमधून 14 बाय 9 इंचांचा उत्तम प्रिंट निघतो. घरातल्या भिंतीला तेवढा भरपूर झाला. देवळातल्या कीर्तनात प्रकाश कमी पडत असेल तर 35 मिमीची एफ/1.8 लेन्स बसवावी. वजन 200 ग्रॅम, आणि किट लेन्सच्या चौपटीहून अधिक प्रकाश ती आत घेते. नवी डीएसएलआर बॉडी घेण्यात मात्र फारसा अर्थ नाही. निकॉन आणि कॅनन दोघांनीही 2018 पासून आपला भर मिररलेसवर दिला आहे. जुन्या एएफ-डी लेन्सना डी90 मधली मोटर फोकस करते. निकॉनच्या मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टर लावला तर त्याच लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. अपग्रेड म्हणता म्हणता सगळी पिशवीच बदलायची वेळ येते.

म्हणून डीएसएलआर अजून बाहेर पडत असेल तर एक लेन्स घ्यावी आणि थांबावं. वर्षभरात तो कपाटातून निघालाच नसेल तर खुशाल कॉम्पॅक्ट घ्यावा, पण 'असू दे घरात' म्हणून जुना ठेवू नये. फोटोग्राफी शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती तो चार्जर आणि लेन्ससकट द्यावा, आणि नवा कॅमेरा घरात येण्याआधी द्यावा.