सराईत

डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, घाई मात्र नको. ‘सराईत’ हा शब्द मनात येऊ द्या. पाठोपाठ ‘गुन्हेगार’ येईलच. वर्तमानपत्रांनी ही जोडी पक्की लावून दिली आहे. त्या गुन्हेगाराला जरा बाजूला बसवा.

आता कोकणातल्या सावर्ड्यात या. इथे सह्याद्री शिक्षण संस्थेचं कला महाविद्यालय आहे. मातीच्या गोळ्यावर फिरणारा एखादा अंगठा डोळ्यांसमोर आणा. कानाची पाळी कुठे वळवायची, हे तो कुणाला विचारत नाही. सराव करता करता ते त्याच्या अंगात मुरलं आहे. त्यालाही आपण सराईत हातच म्हणतो. या हातापाशी थोडं रेंगाळा.

मग मुंबई-गोवा महामार्गावर या. पुढे जाऊन वळून यायचा कंटाळा, म्हणून एक दुचाकी उलट्या दिशेने येते आहे. स्वाराचा चेहरा बघा. मस्ती आहे? भीती? बहुधा काहीच नसतं. पिशवीत मासळी, डोक्यात घरची कामं.

अशा नियम मोडणाऱ्याला नाव काय द्यायचं? अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या एका गृहस्थाने बेकायदा पिणाऱ्यांना लाज वाटेल असा शब्द सुचवणाऱ्याला 200 डॉलर देऊ केले. 1924 साली निवड झाली ‘स्कॉफलॉ’ची, म्हणजे कायद्याची टर उडवणारा. (पिणाऱ्यांना लाज वाटली नाहीच, त्याच नावाचं कॉकटेल निघालं.) पण टर उडवायची तर कायदा आठवावा लागतो. आपल्या स्वाराला तो आठवतच नाही. म्हणून मला ‘सराईत’ जास्त नेमका वाटतो, आणि जास्त भीतिदायकही.

सवय कायदाही ओळखतो. उलट्या दिशेने धोकादायक गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार पहिल्या वेळी दंड 1000 ते 5000 रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं, तर 10,000. कैदेची तरतूद दोन्ही वेळा आहेच.

आता स्वार जाऊ द्या. स्वतः केलेला एखादा लहानसा नियमभंग आठवा: रांगेत मध्येच शिरणं, शिरस्त्राण हँडलला लटकवणं. पहिल्या खेपेला छातीत धस्स झालं होतं का? ते कधी थांबलं? दुसऱ्या खेपेला, की पाचव्या? उत्तर ओढून आणू नका. नाहीच आठवलं, तर निदान पहिली खेप कुठे झाली, कोण सोबत होतं, कोण हसलं, ते आठवा.