आधी हात, मग छबी

लेकरांची छायाचित्रे काढणे हा आज घरोघरीचा नित्यक्रम झाला आहे. त्यात काही नैतिक प्रश्न दडलेला असेल, अशी शंकाही आपल्या मनाला शिवत नाही. प्रेमापोटी केलेल्या गोष्टीत दोष तो कोठला? मीही असेच मानत आलो होतो. परंतु गेल्या नाताळात माझ्या नातीने एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही.

नात चार वर्षांची असताना एके सायंकाळी अंगणाच्या पायरीवरून घसरून पडली. गुडघा खरचटला, धुळीने माखलेल्या गालांवर आसवांच्या दोन रेघा उमटल्या. कॅमेरा माझ्या हातातच होता. छबी इतकी जिवंत उतरली की, आम्ही ती मोठी करवून, चौकट घालून बैठकीच्या खोलीत लावली. येणारेजाणारे ती पाहून कौतुकाने हसत. आता नात अकरा वर्षांची आहे. करंज्या भरता भरता तिची नजर त्या चित्रावर गेली आणि तिने सहज विचारले, "आजोबा, मी पडले तेव्हा तुम्ही मला आधी उचललं, की आधी फोटो काढला?" मी काय सांगणार? उत्तर भिंतीवरच टांगलेले होते.

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू. १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली, तेव्हा चित्र उमटण्यास फार वेळ लागे. बसणाऱ्याचे डोके हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत. तान्ही बाळे मात्र काही केल्या स्थिर राहत नसत. त्यावर पाश्चात्त्य छायाचित्रकारांनी एक युक्ती योजली. आईला खुर्चीत बसवून तिच्यावर कापड टाकायचे आणि तिच्या मांडीवर बाळाला ठेवायचे. अशी अनेक जुनी चित्रे आजही पाहावयास मिळतात. बाळ स्पष्ट दिसते. मागे कापडाखाली आईचा आकार तेवढा दिसतो, आणि कधी कधी बाळाला सावरणारा तिचा हात. पुढे १८८८ मध्ये ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा निघाला, १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला, आणि छायाचित्रण सामान्य माणसाच्या घरात शिरले. आमच्या लहानपणी मात्र वर्षा-दोन वर्षांतून एकदा स्टुडिओची वारी घडे. तेल लावून चापून बसवलेले केस, मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा, आणि "हलू नकोस" ही आज्ञा! त्या चित्रांत आम्ही सारी भावंडे सारखीच घाबरलेली दिसतो.

त्या कृत्रिमपणाला कंटाळूनच आपण खेळत्या, रुसलेल्या, झोपी गेलेल्या मुलांची सहज चित्रे टिपू लागलो. ती निःसंशय अधिक खरी असतात. पण पेच येथेच आहे. स्टुडिओतील मुलाला ठाऊक असे की, आपले चित्र निघत आहे. ते चित्र खोटे असेल, पण चोरटे नव्हते. सहज टिपलेले चित्र खरे असते, आणि पुष्कळदा ते एवढ्याचसाठी खरे असते की, मुलाला त्याचा पत्ता नसतो. मग सत्य हवे तर संमती सोडावी, आणि संमती हवी तर सत्य सोडावे, असे आहे काय?

कोणी म्हणेल, लहान मुलाला संमती ती काय कळणार? आपण त्याला न विचारताच न्हाऊ घालतो, औषध पाजतो, उपासनेला नेतो. हे खरे आहे. पण ते सारे आपण मुलासाठी करतो. छबी मात्र बहुधा आपण आपल्यासाठी काढतो, आणि आता तर ती क्षणार्धात परक्यांपर्यंतही पोहोचवतो. मुलाचेही काही खासगी असते, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मान्य झाले आहे, आणि १९९२ मध्ये भारतानेही तो करार स्वीकारला. आपणांस मात्र त्याहून कितीतरी जुना आधार आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा निर्माण झाला, असे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. म्हणजे आपण कॅमेरा उचलण्यापूर्वीच ते लेकरू एक प्रतिमा आहे, आणि ती आपण घडवलेली नाही. आपण तिचे राखणदार आहोत, मालक नव्हे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. लेकरांना प्रभूजवळ आणणाऱ्यांना शिष्य दटावतात, आणि प्रभूला त्याचा राग येतो. देवाच्या राज्याविषयी शिकवताना तो लेकरांचा दाखला देतो खरा. पण तेवढ्यावर थांबत नाही. तो त्यांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो, त्यांना आशीर्वाद देतो. त्याच्या लेखी लेकरू हा केवळ दाखला नव्हता. माझ्या त्या सायंकाळच्या चुकीचे स्वरूप मला येथे उमगले. रडणारी नात क्षणभर माझ्यासाठी चित्र झाली होती, लेकरू राहिली नव्हती.

मग कॅमेरा टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. मरीयेने आपल्या पुत्राविषयीच्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या, असे लूक एकदा नव्हे, दोनदा सांगतो. आठवण जपणे हा प्रीतीचाच धर्म आहे. आणि येशूच्या शैशवानंतरच्या बालपणाचे जे एकच चित्र शुभवर्तमानांत आढळते, ते कसे आहे? बारा वर्षांचा मुलगा मंदिरात गुरुजनांमध्ये बसला आहे, ऐकत आहे, प्रश्न विचारत आहे. आणि आईबापांना त्याच्या बोलण्याचा उलगडा होत नाही. मरीयेने तीही गोष्ट जपली. जे आपल्याला कळले नाही, जे आपल्या मनाजोगते नव्हते, तेही तिने मनात ठेवले. आपल्या आल्बमात अशा चित्राला जागा असते काय?

सहजता केवळ लपण्यातून येते असे नाही. ती विश्वासातूनही येते. जमिनीवर बसावे, मुलाच्या खेळात अर्धा तास खरोखर रमावे, कॅमेरा त्याच्या देखत शेजारी असू द्यावा. मुलाला तो दिसतो, पण काही वेळाने ते त्याला विसरते, कारण पाहणारे माणूस आपले असते. असे चित्र आपण चोरून घेतलेले नसते. मुलाने ते विश्वासाने दिलेले असते. काढल्यावर ते त्याला दाखवावे. त्याने नको म्हटले तर पुसून टाकावे. त्याचे रडे, आजार, फजिती, उघडे अंग यांची चित्रे घराबाहेर जाऊ देऊ नयेत. आणि ते पडले असेल, तर कॅमेरा आधी खाली ठेवावा. कापडाखालची ती जुनी आई स्वतः दिसत नसे, पण तिचा हात बाळावर असे. आपणही कॅमेऱ्यामागे लपतो. फरक इतकाच की, आपले दोन्ही हात कॅमेऱ्यावर असतात.

त्या दिवशी मी नातीची क्षमा मागितली आणि विचारले, "चित्र उतरवू का?" ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "उतरवा. पण टाकून देऊ नका. ते माझं आहे."

ते चित्र तिचे आहे, इतकी साधी गोष्ट कळण्यास मला सात वर्षे लागली.